वात शमेपर्यंत घरातच थांबायचं का?

प्रश्न: पत्रलेखिका चाळिशीच्या आसपासच्या आहेत. घरी नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. दीड वर्षापूर्वी बँकेच्या रांगेत उभ्या असताना अचानक छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या आणि ‘आता इथेच कोसळणार’ असं वाटलं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं व्यवस्थित निघालं. पण आधी बँक सुटली, मग बस, मग बाजार. गेले काही महिने त्या नवऱ्याशिवाय फाटकाबाहेर पडलेल्या नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या सुरू आहेत. घरच्यांच्या आग्रहावरून आयुर्वेदिक उपचारही घेतात. वैद्यांनी वातवृद्धी सांगितली. आठवड्यातून दोनदा मदतनीस घरी येऊन अभ्यंग आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार) करतात, रात्री अश्वगंधा चूर्ण असतं. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, पण बाहेर पडणं जमत नाही. मागच्या आठवड्यात चपला घालून कडीला हात लावला आणि धडधड सुरू झाली. आत येऊन पाणी प्यायल्यावर पाच मिनिटांत शांत वाटलं. त्या विचारतात: वात पूर्ण शमला की भीती आपोआप जाईल ना? तोवर घरात थांबणंच बरं ना? आता गोळ्या बंद करू का? तीन महिन्यांनी मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे आणि तिला आई यायला हवी आहे.

उत्तर:

नमस्कार ताई,

तुम्ही हातपाय गाळून बसलेल्या नाही, हे पत्रावरून दिसतंच. तपासण्या केल्यात, दोन्हीकडचे उपचार घेतलेत, झोप रुळावर आणलीत. त्यामुळे तेल-चूर्णावर फुली मारायचा माझा विचार नाही. मला खटकतो तो तुम्ही गृहीत धरलेला क्रम: आधी वात शमेल, मग भीती जाईल, मग मी बाहेर पडेन. हा क्रम तुम्हाला सांगितला कोणी? वैद्यांनी ‘बाहेर पडू नका’ असं बजावल्याचं पत्रात कुठे नाही. मला तरी तो भीतीनेच घालून दिलेला वाटतो.

दारातली ती पाच मिनिटं नीट बघू या. कडीला हात, धडधड, माघार, पाणी, शांतता. कडी सोडल्यावर जे हायसं वाटलं, त्याने मनात एक हिशोब पक्का केला: परत फिरले म्हणून वाचले. खरं तर धडधड तशीही उतरणारच होती. अशा झटक्यात अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, साधारणपणे काही मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. माणूस जिन्यात उभा असो की आत कोचावर बसलेला असो. तुम्ही आत आलात, म्हणून ओसरण्याचं श्रेय घराला मिळालं. पुढच्या वेळी घर आणखी सुरक्षित वाटणार आणि जिना आणखी धोक्याचा. बँक, बस, बाजार एकामागोमाग सुटत गेले ते असेच.

कोसळण्याच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. वाटतं फार भयंकर, पण शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा रक्तदाब घसरल्यावर, आणि भीतीच्या झटक्यात तो सहसा वाढलेला असतो. (रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी.) दीड वर्षात तुम्ही प्रत्यक्ष कोसळलात असं पत्रात एकदाही लिहिलेलं नाही. कोसळला असतात तर ते नक्की लिहिलं असतंत.

मानसोपचारात या त्रासाला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. बर्लिनमधले डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यासमोर मोकळे चौक ओलांडायला घाबरणारे रुग्ण होते. आज निदान करताना सार्वजनिक वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी आणि घराबाहेर एकटं असणं, या पाचांपैकी किमान दोन ठिकाणी अशी भीती साधारण सहा महिने किंवा जास्त काळ टिकली आहे का, हे बघतात. तुमचं वर्णन याच्या बरंच जवळ जातं. निदान मात्र तुमचे डॉक्टरच करतील.

आता आयुर्वेद. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ज्वराच्या प्रकरणात ‘कामशोकभयाद्वायुः’ असं वचन आहे. काम, शोक आणि भय यांनी वायू, म्हणजेच वात, वाढतो. म्हणजे वात वाढल्यामुळे भीती, ही एकच बाजू नाही. भीतीमुळेही वात वाढतो. रोज दारातून मागे फिरून भीती पोसायची आणि आठवड्यातून दोनदा तेलाने वात शमवायचा, तर उपचार कितीही चांगला असला तरी पुरा कसा पडणार?

चरकांनी औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा, व्रतं असे उपाय), युक्तिव्यपाश्रय (विचारपूर्वक केलेली औषध-आहाराची योजना) आणि सत्त्वावजय (मनाला आवर घालणं). तेल, चूर्ण, आहाराची योजना हे युक्तिव्यपाश्रयात येतं. मनाच्या दोषांसाठी ते ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी यांची नावं घेतात. ‘अष्टांगहृदय’ लिहिणारे वाग्भटही मनाच्या दोषांवर बुद्धी, धैर्य आणि आत्मज्ञान हेच श्रेष्ठ औषध मानतात. या यादीत तेल नाही. तुमच्या उपचारांत युक्तिव्यपाश्रय भरपूर आहे, सत्त्वावजय मला जवळजवळ दिसत नाही. इथे कोणी म्हणेल, सत्त्वावजय म्हणजे अहितकर गोष्टींपासून मन आवरणं, आणि मला तर गर्दीच अहितकर आहे! पण ताई, तुमचं अहित नेमकं कशाने झालं, बँकेच्या रांगेने की रांग सोडून देण्याने? रांगेत एक दुपार वाईट गेली. दीड वर्ष गेलं ते रांग टाळण्यात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागातला ७वा अध्याय तुमच्या फार कामाचा आहे. शिंक, झोप, मलमूत्र यांचे वेग अडवू नयेत, हा त्यातला भाग बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याच अध्यायात आवरायचे वेगही दिले आहेत, आणि लोभ, शोक, क्रोध यांच्या जोडीला तिथे भय आहे. भीती वाटूच नये अशी अट तिथे नाही. तिच्या वेगाबरोबर वाहून जायचं नाही, इतकंच. दारातून आत पळण्याची जी उबळ येते, तोच हा वेग.

आणि तो आवरायचा कसा, याची रीतही थोडं पुढे सापडते. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम तोडू नये, थोडी थोडी सोडावी, तिच्या जागी हितकर गोष्ट तितकीच थोडी थोडी आणावी आणि टप्प्यांमधलं अंतर एक, दोन, तीन दिवस असं वाढवत न्यावं. याला पादांशिक क्रम म्हणतात. असे क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण डळमळत नाहीत, असं चरक पुढे म्हणतात. हे वचन आहार-विहाराच्या सवयींबद्दल आहे. ते घराबाहेर पडण्याच्या भीतीला मी लावते आहे, हे कबूल. पण घरात राहणं ही आता तुमची सवयच झाली आहे. शिवाय आजचे मानसतज्ज्ञ या भीतीवर जी पद्धत वापरतात, म्हणजे टाळलेल्या जागी ठरवून, पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा जाणं, तिचा मार्ग हाच आहे. या उपचाराला चांगला संशोधनाधार आहे. पायरी केवढी असावी यावर चरकांच्या भाष्यकारांत मतभेद आहेत, म्हणून ती तुमची तुम्ही ठरवायला हरकत नाही.

एक वही घ्या. सुटलेल्या जागा लिहा आणि प्रत्येकीपुढे शून्य ते दहा असा भीतीचा आकडा टाका. सुरुवात दहापासून करू नका, शून्यापासूनही नको. तीन-चार आकड्याची जागा निवडा. तुमच्या बाबतीत ती बहुधा दाराबाहेरची जिन्याची जागा असेल. चपला घालून, दार बाहेरून ओढून घेऊन तिथे उभं राहायचं. किल्ली हातात असू द्या, कुलपात नको. धडधड येईल, येऊ द्या. तिला घालवायला तुम्ही तिथे गेलेल्या नाही. जाण्याआधी वहीत एक ओळ लिहा: ‘मला वाटतं, असं होईल...’ परत आल्यावर दुसरी: ‘प्रत्यक्षात असं झालं.’ आकडा निम्म्यावर आला किंवा जे होईल वाटलं ते झालंच नाही हे लख्ख कळलं, की आत या. भीती टोकाला असताना आत आलात, तर कडीवरचा तोच धडा पुन्हा गिरवला जाईल. म्हणून थांबायचं जरा जास्तच.

तीच पायरी रोज करा. आठवड्यातून एकदा मोठी मोहीम काढण्यापेक्षा रोजची छोटी फेरी जास्त कामी येते. कंटाळा यायला लागला की समजा, पुढे सरकायला हरकत नाही. मग फाटकापर्यंत एकट्याने. मग रस्त्याच्या वळणापर्यंत. मग बसने एक थांबा, तोही गर्दी नसलेल्या वेळी. बँकेची रांग वरच्या पायऱ्यांत कुठेतरी ठेवा. आधी नुसतं आत जाऊन एखादा फॉर्म घेऊन यायचं. शाळेच्या कार्यक्रमासाठी वेगळी छोटी शिडी करा: सभागृह रिकामं असताना जाऊन बघणं, मग तिथे थोडा वेळ बसणं, आणि त्या दिवशी कडेच्या खुर्चीवर बसून मुलीचा भाग तेवढा बघणं. पूर्ण कार्यक्रम बसायलाच हवं असं तिने म्हटलेलं नाही. तीन महिन्यांत सगळं बरं होईल अशी हमी मी देणार नाही. रोज सराव झाला, तर एवढं जमणं अवघड वाटत नाही.

श्वासाचं थोडक्यात. घाबरल्यावर ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की लोक हवा गटागट आत ओढतात आणि मुंग्या वाढवून घेतात. श्वास नेहमीसारखा घ्या, सोडताना मात्र सावकाश सोडा. भ्रामरी चांगली. भस्त्रिका किंवा जोरकस कपालभाती सध्या आपल्या मनाने नको, कारण भराभर श्वासाने तशाच संवेदना उठतात. (काही मानसतज्ज्ञ या संवेदनांची सवय व्हावी म्हणून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतात. पण ते त्यांच्या देखरेखीत.)

मग अभ्यंगाचं काय? चालू ठेवा. वाग्भटांनी अभ्यंग रोज करावं, तो थकवा आणि वात घालवतो, डोकं, कान आणि तळपायांवर विशेष करावा, असं सांगितलं आहे. अजीर्ण असताना आणि कफाच्या त्रासात तो वर्ज्य म्हटला आहे. तेलाने अंग सैल होतं, झोप लागते, आणि झोप झालेल्या माणसाला भीती पेलणं सोपं जातं. पण दोन बदल सुचवते. एक, रोजचं अभ्यंग स्वतः करा, सकाळी, आणि त्यानंतर त्या दिवसाची पायरी. दोन, शिरोधारेसाठी मदतनिसांना घरी बोलावणं थांबवा आणि दवाखान्यात जा, सुरुवातीला नवऱ्याबरोबर. उपचारच घरपोच मिळत राहिले, तर घर सोडायचं कारण एकाने आणखी कमी होतं. वैद्यांशी हे बोला, त्यांना पटेल असं वाटतं.

आणि तेल-चूर्णाचं ताईत होऊ देऊ नका. पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, कानाला लावलेला फोन, या आधारांमुळे ‘हे होतं म्हणून निभावलं’ असं वाटत राहतं आणि आपण निभावलं हे उमगतच नाही. आयुर्वेदातही असे आधार तयार होतात. रुमालावर ब्राह्मी तेलाचे दोन थेंब टाकल्याशिवाय पाऊल न उचलणं, किंवा ‘आज अभ्यंग राहिलं, आज नको’. असं म्हणावंसं वाटेल, त्या दिवशी मुद्दाम अभ्यंगाशिवाय जा.

अश्वगंधेबद्दल लोक फार विचारतात. ताण आणि झोप यांवर तिच्या काही आठवड्यांच्या, छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अनुकूल आहेत. पण ताण हलका होणं आणि रांगेत उभं राहता येणं यांत अंतर आहे, ते चूर्ण कापत नाही. थायरॉइडचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा झोपेच्या गोळ्या सुरू असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. धातू असलेल्या रसौषधी स्वतःहून, जाहिरात बघून कधीही घेऊ नका. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. चूर्ण घेताना उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी बघायचीच.

गोळ्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: स्वतःहून बंद करू नका. या त्रासात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात, आणि एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता येते. मग तीच भीती परतली असं वाटतं. झोपेच्या किंवा चटकन शांत करणाऱ्या गटातल्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकाएकी तोडल्या, तर आकडीही येऊ शकते. कमी करायच्या असतील तर ज्यांनी दिल्या त्यांच्याकडूनच टप्प्याटप्प्याने. पादांशिक क्रम इथेही आहेच. वैद्यांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवा आणि डॉक्टरांना चूर्णाची. पुष्कळ जण एकापासून दुसरं लपवतात, रागावतील म्हणून. रागावले तर रागावू देत, पण दोघांना दोन्ही माहीत हवं.

तुमच्या यजमानांसाठी चार शब्द. तुम्ही जे करता ते प्रेमापोटी करता, यात शंका नाही. पण बाजार, बँक, शाळा सगळं तुमच्याकडे आल्याने त्यांना बाहेर पडायचं कारणच उरत नाही. एकदम अंग काढून घेऊ नका. आधी त्यांच्याऐवजी जाण्याच्या जागी त्यांच्याबरोबर जा, मग वीस पावलं मागे राहा, मग वळणावर थांबा, मग घरीच. सतत फोन करून ‘बरी आहेस ना?’ विचारू नका. परत आल्यावर वही वाचून दाखवायला सांगा.

याच त्रासातून जाणाऱ्या इतरांनी हे आपापल्या बेताने घ्यावं. एक फरक मात्र आधी तपासा. पडल्यानंतर बाहेर जायला घाबरणाऱ्या वृद्धांची नजर, कान, तोल आणि औषधं आधी बघायला हवीत. ज्या मुलीला रस्त्यावर खरोखरच कोणी त्रास देतं, तिची भीती हा आजार नाही; तिथे रस्ता सुधारायचा असतो, मुलगी नाही. आणि भीतीबरोबर कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं असेल, तर शिडी-वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत मागा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. घराबाहेर पडताच येत नसेल तर पहिलं पाऊल म्हणूनही हा फोन चांगला. वैद्य शोधायचेच असतील, तर मानसरोग हा आयुर्वेदात पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे, त्यात एम.डी. केलेले मिळाले तर बघा. मानसतज्ज्ञांना पहिल्या भेटीतच विचारा, ‘तुम्ही माझ्याबरोबर पायऱ्यांवर काम करणार का?’ नुसत्या गप्पांवर या त्रासात सहसा भागत नाही.

वाईट दिवस येतील. फाटकापर्यंत आठवडाभर सहज जाणारी बाई एखाद्या सकाळी जिन्यातूनच परत येते, विशेषतः झोप झाली नसेल, पाळी जवळ आली असेल किंवा कॉफी जास्त झाली असेल तर. त्या दिवशी वहीत तेवढंच लिहा आणि संध्याकाळी एक पायरी खाली उतरून ती तरी करा. नवं तेल, नवं चूर्ण, नवे वैद्य शोधायला लगेच लागू नका. सलग दोन-तीन आठवडे एकाच पायरीवर अडकलात, तर ती वही घेऊन तज्ज्ञांकडे जा; पायरी बहुधा फार उंच घेतली गेली असेल, ती मधे तोडून द्यायला त्यांना सांगा.